औषध स्वस्त झालं, पुढचे प्रश्न कोण विचारणार?

जानेवारी २०२३मध्ये पॅल्बोसिक्लिब या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं. बघता बघता अनेक भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूल दुकानांत आल्या, आणि ज्या उपचारासाठी आधी दागिने मोडायची वेळ यायची त्याचा महिन्याचा खर्च काही हजारांवर आला. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या बायकांसाठी ही खरीखुरी आनंदाची बातमी होती. तिचं श्रेय आपल्या पेटंट कायद्याला आणि जेनेरिक औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना मोकळ्या मनानं द्यायला हवं.

पण त्यानंतर आपली सगळी चर्चा किमतीपाशीच थांबली. हे औषध नेमकं कोणाला द्यायचं, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर सुरू करायचं, किती डोस पुरेसा आहे, आणि रुग्णाचा जो तपासणी अहवाल पाहून ते लिहून दिलं जातं तो भरवशाचा आहे का, हे प्रश्न किमतीइतकेच पैशाचे आणि जिवाचे आहेत. औषध विकणारी कंपनी हे प्रश्न विचारणार नाही. तिला त्यात फायदा नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणंही चूक आहे. ते सार्वजनिक पैशातून, सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतूनच विचारले जायला हवेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे हा मुद्दा मला रोज मायक्रोस्कोपखाली दिसतो. तो नीट मांडायचा तर आधी पेशीच्या केंद्रकात डोकवावं लागेल.

केंद्रकात आरबी नावाचं एक प्रथिन असतं. पेशी शांत असते तेव्हा आरबीनं ई-टू-एफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनांना बैलाला घालावी तशी वेसण घातलेली असते. ई-टू-एफ मोकळं सुटलं की डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं एकापाठोपाठ एक चालू होतात आणि पेशी विभाजनाच्या वाटेला लागते. हे सुटणं फॉस्फेटच्या हातात आहे. प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडण्याच्या क्रियेला फॉस्फोरिलेशन म्हणतात. जोडणारी एन्झाइम म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फेटेज. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो जोडला गेला की प्रथिनाची घडण बदलते आणि ते कोणाला धरून ठेवतं, कोणाला सोडतं, हेही बदलतं. माणसाच्या जनुकसंचात अशा पाचशेहून जास्त कायनेजची जनुकं आहेत, इतका हा व्यवहार शरीरभर चालतो.

आरबीच्या बाबतीत क्रम असा असतो. पेशीला वाढीचा निरोप मिळाला की सायक्लिन-डी तयार होतं. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या कायनेजना कामाला लावतं. त्या आरबीवर फॉस्फेट लावायला सुरुवात करतात, आणि पुढचं काम सायक्लिन-ई आणि सीडीके-२ ही जोडी करते. आरबीवर फॉस्फेट लागण्याच्या चौदा-एक जागा आहेत. त्यातल्या पुरेशा भरल्या की त्याची पकड सुटते. निरोगी पेशीत विभाजन संपताना फॉस्फेटेज ते सगळे फॉस्फेट उतरवतात आणि आरबी पुन्हा आपल्या जागी येतं. कर्करोगाच्या अनेक पेशींत हे लावणं थांबतच नाही. पेशीला वाढीचा निरोप आलेला नसला, तरी आला असल्यासारखं सगळं चालू राहतं.

स्तनाच्या बऱ्याचशा गाठींमध्ये हा खोटा निरोप देणारा असतो तो इस्ट्रोजेन या हॉर्मोनला पकडणारा रिसेप्टर (ग्राही प्रथिन). तो केंद्रकात बसून सायक्लिन-डीचं जनुक सतत चालू ठेवतो. म्हणून अशा रुग्णांना आधीपासून हॉर्मोन रोखणाऱ्या गोळ्या देतात. पॅल्बोसिक्लिब त्याच वाटेवर एक पायरी पुढे काम करतं. कायनेजमध्ये एटीपी, म्हणजे फॉस्फेट पुरवणारा रेणू, बसण्याची जी खाच असते तिथे ते स्वतः जाऊन बसतं. मग आरबीवर फॉस्फेट लागत नाही आणि पेशी थबकते. थबकते, मरतेच असं नाही, आणि या औषधाचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीत आहे. पेशी थबकलेली राहावी म्हणून २१ दिवस रोज एक कॅप्सूल, मग ७ दिवस सुट्टी, मग पुन्हा २१ दिवस, असं महिनोन्महिने, अनेकींच्या बाबतीत वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. शिवाय अस्थिमज्जेतल्या पेशींनाही सीडीके-६ लागतं, त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्यासाठी वेळोवेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचा. तो बरा आला नाही तर औषध थांबवायचं किंवा १२५ मिलिग्रॅमवरून १००, मग ७५ वर यायचं. गावाकडून येणाऱ्या बाईसाठी यातला प्रत्येक सीबीसी म्हणजे एक बुडालेली मजुरी आणि एसटीचं तिकीट.

आणि गाठीत आरबीच शिल्लक नसेल तर? तर हे औषध निरुपयोगी आहे, ते जगातलं सर्वांत स्वस्त औषध असलं तरी. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे याचं उत्तम उदाहरण. तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई-७ नावाचं प्रथिन थेट आरबीलाच पकडतं आणि ते नष्ट व्हायची व्यवस्था करतं. फॉस्फेट लागायची वाट पाहायची गरजच उरत नाही. म्हणजे सीडीके-४ रोखून तिथे काही हाती लागत नाही. तिथे विषाणूला आधी अडवणं किंवा तो लवकर शोधणं हाच मार्ग. अडवायला लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३मध्येच, म्हणजे पॅल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं त्याच महिन्यात, आली. एकाच प्रथिनाच्या दोन गोष्टी, एकीचं उत्तर गोळी आणि दुसरीचं उत्तर लस. कोणत्या आजारावर पैसा कुठे लावायचा हे ठरवायला केंद्रकातली ही यंत्रणा ठाऊक असावी लागते, असं मी म्हणते ते यासाठी.

ही यंत्रणा कळली कशी, हेही सांगायला हवं, कारण पैशाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५०च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये सशाच्या स्नायूंतल्या एका एन्झाइमवर काम करताना दाखवलं की फॉस्फेट जोडला की ते चालू होतं आणि काढला की बंद पडतं. कर्करोगाशी त्या प्रयोगाचा काही संबंध नव्हता. त्यांना नोबेल मिळालं ते १९९२मध्ये. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१मध्ये डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग झालेल्या ४८ मुलांच्या रुग्णालयीन नोंदी घेऊन गणित मांडलं आणि सांगितलं की हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागत असणार. त्या विचाराच्या मागोमाग जात १९८६मध्ये आरबीचं जनुक सापडलं, आणि आरबीवरचे फॉस्फेट पेशीच्या चक्राबरोबर वरखाली होतात हे १९८९मध्ये दिसलं. दरम्यान लेलँड हार्टवेल पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम करत होते, पॉल नर्स दुसऱ्या एका यीस्टवर, आणि टिम हंट १९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वूड्स होल इथे समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर. अंडी विभाजित होताना एक प्रथिन वाढत जातं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी गायब होतं, हे हंट यांनी टिपलं. तेच पहिलं सायक्लिन. या तिघांना २००१चं नोबेल मिळालं.

या सगळ्या कामांना पैसा आला तो सरकारी अनुदानांतून, विद्यापीठांच्या पगारांतून आणि लोकांच्या देणग्यांतून. यीस्ट विभाजित कसं होतं हे शोधायला एकही औषध कंपनी पैसे देत नव्हती, आणि देणारही नव्हती. कंपनीनं पुढे रेणू बनवला, हे खरं. त्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण पॅल्बोसिक्लिबचा रेणू तयार झाल्यावरही तो बरीच वर्षं जवळजवळ पडूनच होता. कोणत्या कर्करोगावर तो चालेल हे स्पष्ट नव्हतं. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या डेनिस स्लेमन आणि रिचर्ड फिन यांच्या गटानं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचे कितीतरी नमुने एकेक करून तपासले आणि २००९मध्ये दाखवलं की इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या पेशींवर तो सर्वाधिक परिणाम करतो. त्यानंतर चक्रं फिरली आणि फेब्रुवारी २०१५मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ‘कोणाला द्यायचं’ हा प्रश्न विद्यापीठानं सोडवला तेव्हाच कंपनीच्या रेणूला अर्थ आला.

आपल्याकडे हाच ‘कोणाला द्यायचं’ हा प्रश्न एका बरणीत अडकलेला असतो.

ऑपरेशन करून काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बरणीत टाकून पॅथॉलॉजीकडे येते. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथपणे शिरतं. गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन असावं, गाठ काढल्यापासून तासाभरात ती त्यात पडावी, मोठी असेल तर मधून चिरलेली असावी, आणि किमान ६ ते जास्तीत जास्त ७२ तास ती त्यात राहावी, असे नियम आहेत. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणाहून येणारी बरणी कशी असते ते सांगते. निमुळत्या तोंडाची बरणी, त्यात ताजी असताना कोंबलेली आख्खी गाठ, वर जेमतेम बोटभर फॉर्मॅलिन, लेबलवर पेशंटचं नाव आणि ‘ब्रेस्ट’ एवढाच शब्द. गाठ कधी काढली ती वेळ नाही. घट्ट झालेली गाठ त्या तोंडातून बाहेर निघत नाही म्हणून बरणी फोडावी लागते. चिरल्यावर कडा नीट, आणि मधला भाग भुरकट, मऊ, कुजू लागलेला. अशा गाठीच्या मधल्या भागावर जी तपासणी करायची ती कशी येणार?

ती तपासणी म्हणजे हॉर्मोन रिसेप्टरची. पातळ काप काचेवर घेऊन त्यावर प्रतिपिंड टाकतात आणि जिथे रिसेप्टर असेल तिथे रंग उमटतो. स्लाइड चांगली असेल तर निळसर पार्श्वभूमीवर कर्करोगाच्या पेशींची केंद्रकं तपकिरी उठून दिसतात. रंग फक्त केंद्रकातच असतो, कारण रिसेप्टर तिथेच काम करतो. १०० पेशींमधल्या किती तपकिरी हे मोजायचं. एक टक्का किंवा त्याहून जास्त असतील तर ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं. खराब फिक्स झालेल्या, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये नीट न टिकलेल्या, गाठीत तो रंग उतरतो किंवा नाहीसाच होतो, आणि अहवालात ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं. त्या एका शब्दानं बाई पॅल्बोसिक्लिबलाच मुकते असं नाही, काही रुपयांना मिळणारी टॅमॉक्सिफेनची गोळीही तिला मिळत नाही. तिला किमो मिळते, जी तिला कदाचित तितकी लागू पडणार नसते. भारतातल्या जुन्या नोंदींत हॉर्मोन पॉझिटिव्ह गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी दिसायचं. आपल्याकडे हा आजार तुलनेनं लहान वयात होतो, त्याचा त्यात वाटा आहेच. पण खराब फिक्सेशनचाही आहे, हे आमच्या क्षेत्रातले लोक कित्येक वर्षं सांगत आले आहेत.

फॉस्फेटच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी नाजूक आहे. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशीला निरोप मिळणं बंद होतं, पण आतली एन्झाइम लगेच थांबत नाहीत. गाठ टेबलावरच्या ट्रेमध्ये पडलेली असताना फॉस्फेटेज आपलं काम चालू ठेवतात, कायनेजही ताणाखाली नवे फॉस्फेट लावतात, आणि काही मिनिटांत केंद्रकातलं चित्र बदलू लागतं. आरबीवर किती फॉस्फेट होते हे पाहून औषध लागू पडेल का याचा अंदाज बांधायचा, अशा तपासण्यांवर जगभर संशोधन चालू आहे. उद्या त्यातली एखादी रोजच्या वापरात आली, तर ती आपल्याकडे कुठे करणार? ज्या ऑपरेशन थिएटरात गाठ कधी काढली याची वेळ लिहायची पद्धत नाही, तिथून आलेल्या नमुन्यावर ती करून काय हाती लागणार?

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर सेंटर उभारायची घोषणा झाली, त्यातली २०० पहिल्याच वर्षात. घोषणा चांगली आहे. किमोसाठी मुंबईला चकरा मारणाऱ्या कुटुंबांचे हाल ज्यांनी पाहिलेत ते तिचं स्वागतच करतील. पण डे केअर सेंटरमध्ये सलाइन लावायच्या आधी त्या सलाइनमध्ये काय घालायचं हे पॅथॉलॉजीचा अहवाल ठरवतो, आणि घोषणेत बोलबाला झाला तो खाटांचा. रुंद तोंडाच्या बरण्या, पुरेसं फॉर्मॅलिन, वेळ लिहायचा रकाना असलेला फॉर्म, नर्सना एक दिवसाचं प्रशिक्षण, आणि विभागवार एक चांगली प्रयोगशाळा जिथे या तपासण्या होतात आणि जिच्या अहवालांची बाहेरून नियमित पडताळणी होते: याचा खर्च एका मोठ्या स्कॅनिंग मशीनच्या तुलनेत फारच थोडा आहे. फीत कापायला त्यात काही नसतं, हेच कदाचित त्याचं दुर्दैव.

आता दुसरा प्रश्न, ‘कधी द्यायचं’. यावर मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते नेदरलँड्सनं. तिथल्या ७४ रुग्णालयांनी १,०५० रुग्णांवर सोनिया नावाची चाचणी केली. पैसा सार्वजनिक संशोधन निधीचा आणि आरोग्य विमा संस्थांचा होता, औषध कंपनीचा नव्हता. अर्ध्या स्त्रियांना सीडीके रोखणारं औषध पहिल्याच उपचारात हॉर्मोनच्या गोळीबरोबर दिलं. उरलेल्यांना आधी फक्त हॉर्मोनची गोळी, आणि आजार पुन्हा वाढला की मग दुसऱ्या उपचारात हे औषध. बहुतेकींना दिलं गेलेलं औषध पॅल्बोसिक्लिबच होतं. २०२३मध्ये जाहीर झालेला आणि पुढे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला निकाल असा: दोन्ही उपचार मिळून आजार आटोक्यात राहण्याच्या काळात संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक नव्हता, आयुर्मानातही नव्हता. फरक होता तो औषधावर घालवलेल्या वेळात. आधी घेणाऱ्या स्त्रिया सुमारे साडेसोळा महिने जास्त औषधावर होत्या, आणि गंभीर दुष्परिणामही त्यांनाच बरेच जास्त झाले.

साडेसोळा महिने. म्हणजे तेवढ्या कॅप्सूल, तेवढे सीबीसी, तेवढे प्रवास.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण वाचणाऱ्यांत रुग्ण आणि त्यांच्या घरचेही असतील. हे वाचून कोणीही आपलं औषध बंद करू नये किंवा पुढे ढकलू नये. सोनियाचा निकाल सरासरीचा आहे. आजार वेगानं वाढत असेल, यकृतात किंवा फुप्फुसात जोरात पसरला असेल, तर डॉक्टर हे औषध आधीच देतात आणि त्याला आधार आहे. याच गटातल्या रायबोसिक्लिबनं मोनालीसा-२ या चाचणीत आयुर्मान जवळपास वर्षभरानं वाढवून दाखवलं. पॅल्बोसिक्लिबच्या तशाच मोठ्या चाचणीत आजार थोपला जाण्याचा काळ १४.५ महिन्यांवरून २४.८ महिन्यांवर गेला, पण आयुर्मानातला फरक सिद्ध झाला नाही. एकाच कायनेजला रोखणारी औषधंही एकसारखी नसतात. कोणत्या बाईला कोणतं औषध केव्हा, हे तिच्या डॉक्टरनंच ठरवायचं. माझा मुद्दा असा आहे की डॉक्टरला ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती कोणीतरी तयार करावी लागते, आणि नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशाला ती सार्वजनिक पैशातून तयार करावी असं वाटलं, तर आपल्याला ते कितीतरी जास्त वाटायला हवं. जगभरातली कर्करोगाची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यानं गेल्या.

तिसरा प्रश्न ‘किती’. औषधाचा डोस कंपनी ठरवते तो साधारणपणे रुग्णाला सोसेल असा वरचा डोस असतो. त्याच्या खालचाही पुरला असता का, हे तपासण्यात तिचं हित नसतं. पॅल्बोसिक्लिबच्या बाबतीत, दुष्परिणामांमुळे ज्यांचा डोस कमी करावा लागला त्या स्त्रियांचा निकाल खालावलेला दिसला नाही, हे कंपनीच्याच चाचण्यांच्या विश्लेषणातून आलं आहे. त्यावरून सगळ्यांना कमी डोस द्या असं म्हणता येत नाही, कारण त्या स्त्रियांच्या शरीरात औषध मुळातच जास्त साठत असेल. पण ७५ मिलिग्रॅमपासूनच सुरुवात केली तर काय होतं हे चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून, रीतसर तपासावं एवढं तरी त्यावरून नक्की म्हणता येतं.

असं तपासता येतं हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं दाखवलंय. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध परवडत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमऐवजी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिलं. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा प्रश्न औषध बनवणाऱ्या कंपनीला कधीच सुचला नसता. तो सुचला अणुऊर्जा खात्याच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयाला, कारण त्याच्या ओपीडीत औषध न परवडणारी माणसं रांगेत उभी असतात.

यावर ठरलेला आक्षेप येतो की गरीब रुग्णांवर प्रयोग करता. हा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. त्याची कारणं आपल्याच इतिहासात आहेत. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, १ लाख ३० हजारांहून जास्त स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरातल्या धोरणांना त्यानं दिशा दिली. मराठवाड्यातल्या त्या बायकांनी जगाला एक उत्तर दिलं. पण तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती, आणि त्यावर पुढे जे नैतिक आक्षेप घेतले गेले ते रास्त होते. मला यातून निघणारा धडा असा दिसतो की चाचण्या करायच्याच, पण तुलनेच्या गटालाही आज उपलब्ध असलेला रीतसर उपचार मिळाला पाहिजे, रुग्णाला तिच्या भाषेत सगळं समजावून सांगितलं गेलं पाहिजे, आणि निकाल लागला की त्याचा फायदा सर्वांत आधी तिच्या जिल्ह्याला झाला पाहिजे. धाराशिवमधल्या किती स्त्रियांना आज एचपीव्हीची चाचणी नेमानं मिळते, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या नैतिकतेइतकाच जवळचा आहे.

दुसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांच्या बाजूनं येतो. आपण जेनेरिक बनवतो, ते पुरेसं आहे, यीस्ट आणि कायनेजचं संशोधन श्रीमंत देशांनी करावं, आपण त्याचं फळ घ्यावं. व्यवहारी वाटणारा हा विचार मला पटत नाही. देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच पैसा आपण संशोधनावर घालतो, आणि त्यामुळेच प्रश्नही आपण उसने घेतो. आपल्याकडच्या गाठी वेगळ्या वयात होतात, तोंडाचा कर्करोग आपल्याकडे जास्त आहे, तंबाखूनं बिघडलेल्या पेशीत कोणती कायनेज मोकाट सुटते हे शोधण्याची घाई बॉस्टनला असायचं कारण नाही. ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातच शोधलं जाणार. तिथल्या तरुण संशोधकांना फेलोशिप वेळेवर मिळत नाही, रसायनं परदेशातून यायला महिने लागतात, प्रयोग मधेच थांबतो. त्यांच्याशी दोन घटका बोललं तरी हे कळतं, आणि ऐकून वाईट वाटतं.

नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग केंद्रांचं देशव्यापी जाळं २०१२पासून आहे, तीनशेहून जास्त केंद्रं त्यात आहेत, आणि एकत्र खरेदी करून त्यांनी कर्करोगाच्या औषधांच्या किमती मोठ्या प्रमाणात खाली आणून दाखवल्या आहेत. जे जाळं एकत्र भाव करू शकतं ते एकत्र चाचणीही करू शकतं. जेनेरिक पॅल्बोसिक्लिब हातात आहे, रुग्ण दुर्दैवानं पुरेसे आहेत, डॉक्टर आहेत. पहिल्या उपचारात की दुसऱ्या, १२५ की ७५, हे प्रश्न घेऊन महाराष्ट्रातली वीस-पंचवीस केंद्रं एकत्र आली, तर काही वर्षांत उत्तर मिळेल, आणि ते फक्त आपल्याच कामाचं असेल असंही नाही. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण आशियातल्या देशांना नेमकं तेच उत्तर हवं आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही यात भूमिका आहे. तिच्या पॅकेजांची रचना ऑपरेशन, किमो, रेडिएशन अशा इस्पितळातल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. वर्षानुवर्षं घरी घ्यायची गोळी, तिच्याबरोबरचे सीबीसी आणि सुरुवातीची रिसेप्टरची तपासणी हे सगळं मिळून एक उपचार आहे, असं धरून त्याचं पॅकेज व्हायला हवं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाचा खर्च योजनेनं उचलला, तर डच विमा संस्थांनी केलं तेच आपण केल्यासारखं होईल.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे माझी मागणी अगदी नेमकी आहे. पुढच्या अर्थसंकल्पात डे केअर सेंटरच्या तरतुदीखाली दोन स्वतंत्र लेखाशीर्षं असावीत. एक जिल्हा पातळीवर ऊतींचे नमुने नीट जपण्यासाठी आणि विभागीय पॅथॉलॉजी प्रयोगशाळांसाठी, त्यात पॅथॉलॉजिस्ट आणि तंत्रज्ञांची भरलेली पदं धरून. दुसरं कंपनीच्या पैशाशिवाय होणाऱ्या चाचण्यांसाठी, ज्यांचे प्रश्न सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ठरवलेले असतील. रक्कम पहिल्या वर्षी लहान असली तरी चालेल, पण लेखाशीर्ष स्वतंत्र हवं, म्हणजे वर्षाअखेरीस तो पैसा दुसरीकडे वळवला तर विधानसभेत कोणाला तरी त्याचा हिशेब मागता येईल.